नेमकं अडतं कुठे?

पातेल्यातला चहा कपात ओतताना थोडासा चहा हमखास ओट्यावर का सांडतो, सांगा बरं? कपात पडायचं सोडून तो पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटतो, सुळकन बुडाखाली पळतो आणि तिथून ठिबकतो. घरातल्या मोठ्यांना त्याचं काहीच वाटत नाही. एका हाताने चहा ओतायचा आणि दुसऱ्या हातात फडकं धरायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. मुलांनो, त्या फडक्यावर लक्ष ठेवा. ज्या कामाच्या शेजारी असं एक फडकं कायमचं ठेवलेलं असतं, तिथे एक न सुटलेला प्रश्न दडलेला असतो.

हा प्रश्न आपण सोडवायला घेऊ. चहा नको, हात भाजेल. एक स्टीलचा पेला आणि साधं गार पाणी घ्या. मोरीत किंवा बादलीवर उभे राहा आणि पेला अगदी हळू तिरपा करा. पाणी काठावरून वळेल आणि पेल्याच्या पोटाला चिकटून खाली ओघळेल. आता पेला पुन्हा भरा आणि झटकन तिरपा करा. या वेळी धार काठापासून सुटून थेट पुढे पडेल. पाणी तेच, पेलाही तोच, मग बदललं काय? वेग!

पाण्याला स्टील ओलं करायला आवडतं. पाणी त्याला बिलगतं, त्याच्यावर पसरतं. धार जोरात असली की पुढे जाण्याची तिची ओढ या बिलगण्याला पुरून उरते आणि ती काठ सोडते. धार मंदावली की बिलगणं जिंकतं. म्हणून सगळा चहा नीट ओतला जातो आणि शेवटी, हात आवरता घेताना, ओघळ येतो. मार्कुस रायनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ साली या ओघळाला चक्क नाव दिलं, ‘टीपॉट इफेक्ट’. तेव्हापासून भले भले शास्त्रज्ञ या ओघळाच्या मागे लागले. २०२१ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी बारीक हिशेब करून दाखवलं की काठाच्या खालच्या अंगाला पाण्याचा एक थेंब टिकून राहतो आणि ती जागा ओली ठेवतो. धार मंदावली की हा थेंबच तिला मागे वळवतो. कपभर चहाचं गणित एका थेंबावर अडलेलं!

आता तिसरा प्रयोग. पेला पुसून कोरडा करा आणि काठाच्या बाहेरच्या, खालच्या अंगाला बोटाने किंचित तूप लावा. पुन्हा हळू ओता. ओघळ कमी झालेला दिसेल, कारण तुपाला पाणी बिलगत नाही. किटलीच्या चोचीखाली लोणी फिरवायची युक्ती काही घरांत फार जुनी आहे. ज्यांनी ती शोधली त्यांना थेंबाचं गणित ठाऊक नव्हतं. पण काम कुठे बिघडतंय, ती जागा त्यांनी बरोब्बर हेरली होती. चोचीची धार पातळ आणि तीक्ष्ण ठेवली तरी ओघळ कमी होतो. दुकानात गेलात तर किटल्यांच्या चोचींवरून बोट फिरवून पाहा. कुठल्या कारखान्याने या ओघळाचा विचार केलाय आणि कुठल्याने नाही, ते बोटालाच समजेल.

चहाच्या शेजारच्या शेगडीवर दूध असतं, आणि त्याची तऱ्हा आणखी न्यारी. जरा पाठ वळली की ते उतू जातं. पाणी उकळताना असं का करत नाही? पाण्यातले वाफेचे बुडबुडे वर येतात आणि फुटतात. दुधातल्या बुडबुड्यांभोवती मात्र प्रथिनांचा चिवट पापुद्रा बसतो, ते लवकर फुटत नाहीत. त्यात वर सायीचं झाकण. खालून वाफ येतच राहते, बुडबुड्यांवर बुडबुडे चढतात आणि काही सेकंदांत फेसाचा डोंगर पातेल्याबाहेर.

यावर कुणीतरी दुहेरी भिंतीचं भांडं काढलं. तुमच्या आजीकडे कदाचित असेल. दोन भिंतींमधल्या पोकळीत पाणी भरायचं आणि तोंडाशी शिट्टी बसवायची. मला हे भांडं फार आवडतं, कारण त्यात ना बटण, ना बॅटरी. पोकळीतलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि वाफ सुटली की शिट्टी वाजते. उकळत्या पाण्याचं तापमान त्यापुढे चढत नाही, कितीही गॅस मोठा करा. म्हणजे आतल्या दुधालाही १०० अंशांच्या वर जाता येत नाही. दुधात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्याला उकळी फुटायला १०० अंशांहून किंचित जास्त तापमान लागतं. तेवढं तापमान किंचित कमी पडतं आणि दूध चांगलं तापूनही उतू जात नाही. हे भांडं करणाऱ्याने ‘दूध उतू जातं’ एवढ्यावर विचार थांबवला नाही. किती अंशांवर उतू जातं, इथपर्यंत तो पोचला.

आता स्वयंपाकघरातून बाहेर पडू. पावसाळा संपता संपता माळरानावर खेळून आलात की मोजे आणि विजारीला काय काय चिकटलेलं असतं! कुसळं, आघाडा, लांडगा नावाच्या झुडपाची काटेरी फळं. ती वेचत बसायचा कंटाळा येतो ना? स्वित्झर्लंडमधल्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरलाही यायचा. १९४१ साली तो कुत्र्याला घेऊन आल्प्सच्या डोंगरात फिरून आला, तर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना बर्डॉक नावाच्या झाडाची काटेरी फळं लटकलेली. त्याने ती ओढून फेकून दिली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने एक फळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काट्यांची टोकं सरळ नव्हती, प्रत्येक टोकाला आकडा होता! कापडाच्या धाग्यांची बारीक वेटोळी त्या आकड्यांत अडकत होती.

म्हणजे इकडे आकडे आणि तिकडे वेटोळी, की झाला बंद तयार. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा सुताचे आकडे लवकर झिजले. मग त्याने नायलॉन घेतलं. अवरक्त प्रकाशाखाली शिवलेल्या नायलॉनची वेटोळी कडक होतात, हे त्याला सापडलं. पण कडक वेटोळ्याचा आकडा कसा करायचा? प्रत्येक वेटोळं बरोबर एका बाजूला कापावं लागतं, मधोमध कापून चालत नाही. हे हजारो बारीक वेटोळ्यांना जमवायचं! सगळं जुळून १९५५ साली पेटंट मिळेपर्यंत चौदा वर्षं लोटली. आज तुमच्या बुटावर चर्रर्र आवाज करणारी वेल्क्रोची पट्टी असते, आणि अंतराळवीर याच पट्ट्यांनी वस्तू जागेवर ठेवतात, नाहीतर त्या यानात तरंगत फिरतील. बुटावरची पट्टी भिंगाखाली धरून पाहा. एका बाजूचे आकडे आणि दुसऱ्या बाजूचा वेटोळ्यांचा गुंता स्पष्ट दिसतो. मग लांडग्याचं फळ धरा. कोणी कोणाची नक्कल केली, हे वेगळं सांगायला नको.

एक गंमत तुमच्या लक्षात आली का? कुत्र्यांना फिरवणाऱ्या कितीतरी लोकांच्या कपड्यांना ती फळं चिकटत होती, पण ती निरखून पाहिली मेस्त्रालने. त्रास सगळ्यांना होतो, पण तो सवयीचा झाला की दिसेनासा होतो. मोटारीचा वायपर घ्या. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रॅममध्ये बसल्या असताना त्यांनी पाहिलं, काचेवर बर्फाचा चिखल साचतोय आणि रस्ता दिसावा म्हणून ड्रायव्हर पुढची काच उघडतोय. गार वारा सगळ्यांच्या तोंडावर! ड्रायव्हरला त्यात नवल वाटत नव्हतं, त्याचं रोजचंच होतं. नवल वाटलं ते पाहुणीला. आतून दांडा ओढला की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, असं साधन मेरीबाईंनी आखलं आणि १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. कंपन्यांनी ते नाकारलं. पेटंटची मुदत संपून गेली आणि मगच वायपर गाड्यांवर सर्रास दिसू लागले. मेरीबाईंना त्यातून काही मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवी वस्तू लोक पटकन घेत नाहीत, हे आपल्याकडेही घडलंय. त्याच १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. त्याआधी त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि कडबा कापायचं यंत्रही ते करत. बैलापुढे अख्खा कडबा टाकला की तो पानं खातो आणि जाड ताटं तुडवून टाकतो. बारीक कापून दिला तर वाया जात नाही. मग नांगराकडे ते वळले. लाकडी नांगर जमीन खोलवर उलटत नाही, ही त्याची खरी अडचण. पण लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची, म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथले नांगर गावोगाव गेले.

आणि आता माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट, तेलंगणातली. पोचमपल्ली साडी पाहिली आहे का? तिची नक्षी विणण्याआधीच ठरते, कारण सूत आधी बांधून रंगवतात. त्यासाठी ते अर्धगोलात ठोकलेल्या खुंट्यांभोवती गुंडाळावं लागतं. या कामाला आसू म्हणतात. मधल्या खुंटीपासून बाहेरच्या खुंटीपर्यंत हात न्यायचा, वळसा घालायचा, परत आणायचा. एका साडीसाठी सुमारे नऊ हजार वेळा! तुम्ही आत्ता हात खांद्यापासून लांब करून शंभर वेळा नेआण करून पाहा. दंड भरून येईल. हे काम बहुतेक घरांत बायका करत, आणि चिंतकिंदी मल्लेशम यांची आई लक्ष्मी तेच करायची. तिचे खांदे आणि कोपरं इतकी दुखत की हे काम आता होत नाही, असं ती म्हणू लागली.

मल्लेशम यांची शाळा सहावीनंतर सुटलेली. इंजिनिअरिंगचं शिक्षण नव्हतं. त्यांनी आईचा हात पाहायला सुरुवात केली. हात पुढे जातो, हा एक भाग. मागे येतो, हा दुसरा. खुंटीवरून पलीकडे सरकतो, हा तिसरा. एकेका हालचालीसाठी त्यांनी एकेक भाग बनवला, पैसे मिळतील तसे. १९९२ साली सुरू केलेलं काम अनेकदा थांबलं. लोक म्हणत, हा नाद सोड. सगळं जमलं, पण खुंटीभोवती धागा वळवणं काही केल्या जमेना. पुढे हैदराबादला काम करत असताना एका वर्कशॉपमध्ये त्यांना भलत्याच कामाचं एक यंत्र दिसलं आणि त्याच्या हालचालीत त्यांना आपला अडलेला वळसा सापडला. १९९९ साली यंत्र पूर्ण झालं. त्याला त्यांनी आईचं नाव दिलं, लक्ष्मी आसू यंत्र. २०१७ साली मल्लेशम यांना पद्मश्री मिळाली. पण मला विचाराल तर खरं मोल त्या घरांतल्या बायकांच्या खांद्यांना ठाऊक. हात नऊ हजार वेळा पुढेमागे करायचं काम यंत्र करू लागलं आणि त्या दुसऱ्या कामाला मोकळ्या झाल्या.

तुम्हाला घरातल्या सगळ्या गोष्टींची अजून सवय झालेली नाही, ही तुमची मोठी शक्ती आहे. मोठी माणसं ‘ते तसंच असतं’ म्हणतात तिथे तुम्ही अजून ‘का?’ विचारता. केरळमधल्या रेम्या जोस हिने शाळकरी वयातच पायडलवर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र बनवलं, कारण आई आजारी होती आणि धुणं रेम्यावर येऊन पडलं होतं. गुजरातमधल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने ते यंत्र उचलून धरलं. ही संस्था शाळेतल्या मुलांकडूनही कल्पना मागवते. आणि कल्पना मांडण्यासाठी तुमच्याकडे पूर्ण यंत्र तयार असायला लागत नाही.

तर एक न सुटलेला प्रश्न तुमच्या हाती देतो: दुधाची पिशवी. सकाळी कात्रीने तिचा कोपरा कापतात आणि तो इवलासा त्रिकोणी तुकडा ओट्यावर पडतो, मोरीच्या जाळीत अडकतो, कचऱ्यात हरवतो. रिकामी पिशवी धुऊन साठवली तर भंगारवाला नेतो, पण हा तुकडा इतका लहान की कुणी वेचत नाही. कोपरा अर्धाच कापून लटकता ठेवायचा, हा उपाय चांगला आहे. पण तो प्रत्येकाने रोज, घाईत, झोपाळू डोळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. तुकडा सुटूच नये, अशी पिशवी करता येईल का?

अटी मात्र कडक आहेत. पिशव्या क्रेटमध्ये एकावर एक रचतात, त्यामुळे ती वाटेत फाटता कामा नये. कारखान्यात यंत्र भराभर पिशव्या भरतं, त्याचा वेग कमी होऊन चालणार नाही. किंमत पैशांनीच वाढली तर चालेल, रुपयांनी नाही. ओल्या हातांनी आणि आजीच्या थरथरत्या बोटांनीही ती उघडली पाहिजे. दूध पातेल्यात पडलं पाहिजे, आणि हो, धारेचा ओघळ पिशवीच्या पोटावरून ओट्यावर यायला नको!

उद्याची रिकामी पिशवी धुऊन, पालथी घालून वाळवा. चिकटवलेली कड कुठून कुठे जाते ते आधी पाहा. मग ती एकदा उभी आणि एकदा आडवी फाडा. एका दिशेला प्लॅस्टिक सरळ फाटत जातं, दुसरीकडे ते ताणतं आणि वाकडं जातं. कुठली दिशा कुठली, ते पिशवीवर पेनने बाण काढून लिहून ठेवा. तुमची पहिली आकृती त्या बाणांपासूनच सुरू होईल.