निळ्या रक्ताचा जीव

हजला निघालेल्या माणसाला मेंदूज्वराची लस घ्यावी लागते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. लस असो की सलाईनची बाटली, ती शरीरात जाण्याआधी तिच्यात जंतूंचे विष उरले नाही ना, हे पाहावे लागते. उकळून जंतू मरतात, पण त्यांच्या आवरणातले विष शिल्लक राहू शकते. ते रक्तात गेले तर ताप भरतो, प्रसंगी जीवही जातो. पूर्वी यासाठी सशांना औषध टोचून ताप येतो का ते बघत. १९७७ पासून अमेरिकेत या कामी एका समुद्री प्राण्याचे रक्त मान्य झाले आणि मग ते जगभर पसरले.

तो प्राणी म्हणजे हॉर्सशू क्रॅब. घोड्याच्या नालासारखी पाठ, मागे भाल्यासारखी शेपटी. नावात खेकडा असला तरी नाते कोळी आणि विंचवाशी. डोळे मोजायला बसलो तर चांगले दहा भरतात! त्याच्या घराण्याचे जीवाश्म ४४ कोटी वर्षांहून जुने आहेत. आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर याच्या दोन जाती आढळतात.

आपल्या रक्तात लोह, म्हणून ते लाल. याच्या रक्तात तांबे, म्हणून निळे. १९५६ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक बँग या शास्त्रज्ञाला दिसले की, जंतू टोचले की हे रक्त गोठते. चिखलात राहणाऱ्या या जिवाला जखम झाली की जंतूंभोवती रक्ताची खळ होते आणि ते तिथेच अडकतात. अल्लाहने दिलेले हेच संरक्षण माणसाने प्रयोगशाळेत नेले. जंतुविषाचा कण असला, तरी रक्तापासून केलेले द्रावण घट्ट होते.

मात्र यासाठी अमेरिकेत दरवर्षी लाखो प्राणी पकडतात, हृदयाजवळ सुई खुपसून सुमारे तिसरा हिस्सा रक्त काढतात आणि परत समुद्रात सोडतात. त्यातले १५ टक्के तरी मरतात असा तिथला अंदाज आहे. काही अभ्यास ३० टक्क्यांपर्यंत जातात. माद्या पौर्णिमा-अमावस्येच्या भरतीला वाळूत अंडी घालतात. त्या अंड्यांवर जगणारे रेड नॉट पक्षीही घटले आहेत. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण मुलांना शिकवतो, तेव्हा ही मखलूक आपल्याला परकी कशी वाटावी? जीव वाचवण्यासाठी रक्त घेणे आम्हाला गैर वाटत नाही. पण दुसरा मार्ग हाती असताना तेच चालू ठेवणे खटकते.

आणि मार्ग आहे. सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बो या दोघांनी त्या रक्तातला मुख्य घटक प्रयोगशाळेत तयार केला. युरोपच्या औषधसंहितेने २०२१ पासून त्यावरची चाचणी स्वीकारली. कंपन्या मात्र जुनी सवय हळूहळूच सोडत आहेत.

लाटेने उलटा पडलेला हा प्राणी कधी कधी स्वतः सरळ होऊ शकत नाही आणि उन्हात मरतो. अमेरिकेच्या डेलावेअर किनाऱ्यावर लोक त्यांना उलटवून पाण्याकडे सोडतात. शेपटी धरायची नाही, ती मोडते. पाठीच्या कडेला हात लावायचा.