क्नुफिंगेनचा ट्रॅफिक

संपादकांचा निरोप होता, रेल्वेवर लिहा. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलांड या चालत्याबोलत्या छोट्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात रेल्वेला काही तोटा नाही. बंदरालगतच्या श्पायशरश्टाट या विटांच्या जुन्या गोदामवस्तीत फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१च्या ऑगस्टमध्ये ते सुरू केलं. इतिहास एवढा पुरे, कारण मला धरून ठेवलं ते रस्त्याने.

क्नुफिंगेन हे तिथलं काल्पनिक गाव. सिग्नल लाल झाला की ट्रक थांबतात, वळताना इंडिकेटर लावतात. मध्येच कुठेतरी आग लागते आणि बंबांची रांग निळे दिवे चमकवत सुटते. माप १:८७, पुण्यात जोशींची लघुरेल्वे पाहिलेल्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. या मापात मोटार पाच सेंटिमीटरची होते, आणि ताशी ५० किलोमीटरचा वेग सेकंदाला १६ सेंटिमीटरवर येतो. ऐकायला हे संथ वाटतं, पण चौकात चुकायला तेवढा वेग पुरतो.

आगगाडीचं काम त्या मानाने सोपं. वीज रुळांतून येते, दिशा रूळच देतात, आणि कोणत्या टप्प्यात वीज ओढली जातेय हे पाहिलं की गाडी कुठे आहे ते कळतं. ट्रकच्या नशिबी यातलं काहीच नाही. त्याची वीज पोटातल्या बॅटरीत, आणि त्याचा ठावठिकाणा रस्त्याला ठाऊक नाही.

यावरची युक्ती फालर या जर्मन कंपनीने १९८९मध्ये बाजारात आणली. रस्त्यात बारीक खाच पाडायची, तीत लोखंडी तार बसवायची, वरून लांबी भरून रंग द्यायचा. ट्रक उलटा केला की पुढच्या आसाजवळ एक छोटी दांडी दिसते, तिच्या टोकाला चुंबक. दांडी बोटाने डावीकडे ढकलली की दोन्ही चाकं निमूट डावीकडे वळतात. स्टिअरिंग म्हणतात ते एवढंच. चुंबक तारेचा माग काढत जातं आणि ट्रक त्याच्यामागून. ते रस्त्यावर जोराने घासलं तर वेग मरतो, फार वर राहिलं तर वळणावर तार सुटते आणि ट्रक सरळ फुटपाथवर चढतो. दांडी पुढे असल्याने रिव्हर्सही नाही. इतक्या हट्टी यंत्रणेवर अख्ख्या शहराची वाहतूक उभी करावी, याचं मला कौतुक वाटत राहिलं.

थांबवण्यासाठी रस्त्याखाली विद्युतचुंबक असतो. तो चालू झाला की ट्रकच्या पोटातला रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारं बटण, मोटरची वीज तोडतो. एका ट्रकपुरतं हे उत्तम. दुसरा सोडला की तो थांबलेल्या पहिल्यावर जाऊन आदळतो. म्हणून काही हौशी लोक पुढच्याच्या पाठीला इन्फ्रारेड दिवा लावतात आणि मागच्याच्या नाकात तो ओळखणारा सेन्सर. प्रकाश दिसला की वेग आपोआप कमी. पण वळणावर पुढच्याची पाठ फिरते, मागच्याला रस्ता मोकळा दिसतो आणि धडक होते ती नेमकी तिथेच.

वुंडरलांडमध्ये वाहनं अडीचशेच्या वर आहेत. तिथे नजर संगणकाची, आणि ती यंत्रणा घडवण्यात गेरिट ब्राउन यांचा मोठा वाटा. तरी खरी अडचण धडकेची नाही, कोंडीची आहे. चौकात चार बाजूंनी चार वाहनं शिरली आणि प्रत्येकाची वाट दुसऱ्याने अडवली, की सगळे नियम पाळूनही कोणी हलत नाही. यावर उपाय एकच: चौकापलीकडे उभं राहायला जागा रिकामी असल्याशिवाय आत शिरायचंच नाही. (आपल्याकडे हा नियम कोणाला सांगून पाहा.) संगणक तो पाळतो, पण त्यासाठी कोणतं वाहन कुठे आहे हे त्याला बिनचूक कळावं लागतं. एखादा सेन्सर चुकला तर संगणकाच्या हिशेबात ट्रक पुढे गेलेला असतो आणि प्रत्यक्षात तो बोगद्यात अडकलेला.

त्यात बॅटरी इवलीशी. ती उतरू लागली की वाहन स्वतः चार्जिंगच्या जागी जातं, म्हणजे तिथेही रांगेचा प्रश्न. टायर झिजतात. प्रेक्षकांच्या कपड्यांतले तंतू आसांना गुंडाळले जातात. इतकी चाकं, इतके आस, आणि प्रत्येक साफ करायला शेवटी माणसाचेच हात लागतात.

२०२४मध्ये उघडलेल्या मोनाको विभागात तारेलाच रजा दिली आहे. तिथल्या फॉर्म्युला वन गाड्यांत मोटर नाही; ट्रॅकखालच्या सर्किट बोर्डांतलं सरकतं चुंबकीय क्षेत्र त्यांना ओढतं, म्हणून त्या एकमेकींना ओलांडूही शकतात. हे जमायला कित्येक वर्षं गेली. तरी ती शर्यत बंदिस्त ट्रॅकवरची आहे. क्नुफिंगेनचे ट्रक तारेवरच धावतात, आणि माझ्या मते अवघड काम त्यांचंच.

घरी करून पाहायचं असेल तर आधी एकच वळसा, एक फाटा आणि दोनच वाहनं घ्या. ती दोन तासभर न आदळता फिरली, तरच तिसरं विकत आणा.