जुन्या धुलाईयंत्राचा पंचनामा

पहाटे नळाला पाणी यावे, तेवढ्या अवधीत पिंप, कळशा आणि बादल्या भरून घ्याव्यात आणि मग दिवसभराचा कारभार त्या साठ्यावर रेटावा, हा शिरस्ता गिरगाव, परळ, लालबागच्या ज्या बिऱ्हाडांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यांच्या मोरीशेजारी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून धुलाईयंत्र येऊन बसू लागले ते बहुधा दोन टाक्यांच्या ‘सेमी’च्या रूपाने, आणि याला किंमत जितकी कारण होती तितकेच पाणीही होते. पूर्ण स्वयंचलित यंत्राला वेळी-अवेळी दाबाने वाहणारा नळ लागतो; ‘सेमी’चे काम बादलीवर भागते. शिवाय पांढऱ्या कपड्यांचे साबणपाणी रंगीत कपड्यांना आणि शेवटी पायपुसण्यांना वापरण्याची जी काटकसर चाळीतल्या गृहिणीच्या अंगवळणी पडली होती, तिला या यंत्राने हरकत घेतली नाही.

तळाशी वा बाजूला फिरणाऱ्या चकतीने टाकीत भोवरा उठवण्याची ही युक्ती ब्रिटनमधील हूव्हर कंपनीची. तिचा कित्ता गिरवून सान्यो कंपनीने १९५३ साली जपानच्या लहान घरांना परवडेल असे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे ती मध्यमवर्गाच्या ओळखीची केली ती प्रामुख्याने औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने, आणि दूरदर्शनवरील तिच्या जाहिरातीची चाल त्या काळच्या कित्येकांना आजही पाठ असेल.

सांप्रत हा विषय निघण्यास निमित्त आहे पुनर्विकासाचे. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या सदनिकेत जाणारे कुटुंब जुने सामान निकालात काढते, तेव्हा तीस-पस्तीस वर्षांचे धुलाईयंत्र प्रथम भंगारवाल्याच्या नजरेस पडते. तत्पूर्वी त्याची रीतसर तपासणी व्हावी, एवढीच या लेखाची विनंती.

तपासणी खालून सुरू करावी. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि मोरीच्या ओलीत उभ्या राहिलेल्या यंत्राचा पत्रा पायाशी प्रथम खचतो; वरचा रंग चकचकीत असला तरी तळाचा पत्रा बोटाने दाबताच भुगा होऊन हाती येत असेल, तर पुढील चौकशी व्यर्थ होय. तळ शाबूत निघाल्यास प्लग काढून मागचे झाकण उघडावे आणि आधी नाकाचा उपयोग करावा, कारण मोटारीचे वायंडिंग जळाले असल्यास व्हार्निशचा करपट दर्प वर्षानुवर्षे रेंगाळतो. टाकीखाली साबणाचे पांढरे ओघळ सुकलेले दिसले, तर रबरी सील निबर होऊन पाणी झिरपत आहे, हे निश्चित समजावे. सील क्षुल्लक किमतीचे असते, परंतु त्याच्याकडे दुर्लक्ष झाले की तेच पाणी ड्रायरच्या मोटारीवर पडून ती निकामी करते. आमच्या मते जुन्या ‘सेमी’च्या मृत्यूचे खरे कारण पुष्कळदा हे सीलच असते; दोष मात्र मोटारीच्या नावे लिहिला जातो.

यंत्र नुसते गुणगुणते, फिरत नाही, म्हणून ते मेले असे मानून टाकून देणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी बेल्ट सैल नाही आणि चकती हाताने मोकळी फिरते याची खातरजमा झाली, की संशय कपॅसिटरवर, म्हणजे कारागीर ज्याला ‘कंडेन्सर’ म्हणतात त्या डबीवर घ्यावा. सिंगल-फेज विद्युत्प्रवाहावर चालणाऱ्या या मोटारीला फिरण्याची दिशा आणि पहिला रेटा मिळतो तो तिच्यामुळे. डबी फुगली वा दुबळी झाली की मोटार जागच्या जागी घुमते आणि तापते. नवी घेताना जुनीवर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तंतोतंत जुळवावा. लोहार चाळीत वा लॅमिंग्टन रोडवर ती मिळण्यास अडचण नसते. प्लग काढल्यावरही ती काही काळ विद्युत्भार धरून राहते, सबब हे काम जाणत्याच्या हातीच सोपवावे.

परदेशातून आणलेल्या यंत्राची गोष्ट निराळी. सौदी अरेबियात वा अमेरिकेत प्रवाहाची वारंवारता ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे तिकडची मोटार येथे सुमारे एक-षष्ठांश मंद फिरते आणि अधिक तापते, आणि हा दोष व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने दूर होत नाही.

दुरुस्ती पुरी झाल्यावर दोन गोष्टींची हयगय करू नये. ड्रायर भरधाव असता झाकण उचलले की ब्रेकची तार ओढली जाऊन तो काही क्षणांत थांबला पाहिजे. आणि जुन्या चाळींच्या वायरिंगमध्ये तिसऱ्या पिनेला खरेच अर्थिंग आहे, याची वायरमनकडून खात्री करून घेतली पाहिजे, कारण ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचा बचाव तीच करते.

व्हिडिओकॉनचे दिवाळखोरीचे प्रकरण २०१८ साली न्यायाधिकरणापुढे गेले. अशा यंत्रांना मूळ कंपनीचे भाग मिळण्याची आशा धरू नये. तथापि सील, बेल्ट, बुश, टायमर बाजारात जुळवता येतात आणि मोटार पुन्हा भरूनही मिळते. तडकलेली प्लॅस्टिकची टाकी तेवढी चिकटवून फार काळ टिकत नाही. तेव्हा टाकी अभंग आणि तळ मजबूत असेल तर यंत्र दुरुस्त करावे; दोहोंपैकी एक गेले असेल तर मोटार काढून ठेवावी आणि सांगाडा तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याला न विकता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.