श्रीनगर ते लेह : अंतर आणि उड्डाणकाल

श्रीनगरहून मोटारीने लेहला जाणाऱ्या प्रवाशाला सुमारे ४२० किलोमीटर वाट चालावी लागते. ही वाट जवळजवळ ३,५०० मीटर उंचीच्या जोझिला खिंडीतून जाते. बहुतेक प्रवासी कारगिल येथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी लेह गाठतात. विमान मात्र तासाभरातच तेथे पोहोचते. एवढा फरक केवळ वेगामुळे पडतो काय? नाही; मुळात विमानाची वाटच आखूड असते.

ही वाट नकाशावरून मोजता येते. दोन्ही विमानतळ ३४ अक्षांशाच्या जवळपास आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे २.७७ अंशांचे अंतर आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे ३४ अक्षांशावर तो ९२.३ किलोमीटरच उरतो. गुणाकार केला व लेहचे किंचित उत्तरेकडे असणे हिशेबात धरले, म्हणजे सरळ अंतर सुमारे २५६ किलोमीटर येते.

आता वेळेचा विचार करू. विमानाचा वेग ताशी ६४० किलोमीटर मानला, तर हे अंतर २४ मिनिटांत संपेल. परंतु विमान ज्या हवेतून जाते ती हवा स्वतःही वाहत असते. हिवाळ्यात उंचावर बहुधा पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ८० किलोमीटर धरला, तर जाताना जमिनीच्या मानाने वेग ७२० होईल व सुमारे २१ मिनिटे लागतील. परतताना तो ५६० होऊन सुमारे २७ मिनिटे लागतील. जाताना जे मिळाले ते येताना फिटले, असे वाटेल. प्रत्यक्षात मात्र दोन्ही फेऱ्या मिळून वारा नसतानापेक्षा पाऊण मिनिट अधिकच लागते, कारण विमान अनुकूल वाऱ्यापेक्षा प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ असते.

तरीही वेळापत्रकात पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ का दिलेला असतो? धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण करून उंची गाठणे, दरीच्या वळणाने सावकाश उतरणे व अखेरीस थांब्याशी येणे, हा सारा काळ त्यात मोजलेला असतो. पल्ला जितका लहान, तितका या ठरावीक वेळेचा भार अधिक जाणवतो.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या पाऊणपटीहूनही थोडी कमी असते. विरळ हवेत पंखांना पुरेसा आधार मिळावा म्हणून विमानाला जमिनीवर अधिक वेगाने धावावे लागते. दुपारी हवा तापून आणखी विरळ होते व डोंगरातील वारेही वाढतात. म्हणून तेथील उड्डाणे मुख्यतः सकाळी होतात.

२४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी डाकोटा विमान लेहला प्रथमच उतरविले. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली तेथील धावपट्टी तयार झाली होती. लेह त्या वेळी युद्धामुळे संकटात होते आणि मदत आकाशातूनच येऊ शकत होती. आजही हिमवर्षावाने जोझिला बंद पडली, म्हणजे श्रीनगरच्या रुग्णालयात जावयाच्या आजाऱ्यापुढे ४२० किलोमीटरांचा रस्ता असून नसल्यासारखा होतो. त्याच्यासाठी उरते ते २५६ किलोमीटरांचे अंतर, आणि तेही सकाळ निरभ्र असेल तरच.