१२० व्होल्टचे सर्किट २४० व्होल्टचे कसे होते?

अमेरिकेत ज्या घरांच्या परसात पोहण्याचा तलाव असतो, तिथे पाणी गाळणारा पंप रोज कित्येक तास चालतो. जुना पंप बिघडला, नवा मोठा आणला, की कळते: याला २४० व्होल्ट लागतात आणि परसातली लाइन १२० व्होल्टची आहे. मग अंगण खणून नवी केबल टाकायची, की जुन्याच तारांवर २४० व्होल्ट घ्यायचे? दुसरा मार्ग अनेकदा शक्य असतो. मात्र त्यातली एक चूक जिवावर बेतू शकते.

२४० व्होल्ट येतात कुठून?

ते घरात आधीपासूनच असतात. ट्रान्सफॉर्मरमधून घरात तीन तारा येतात: दोन फेजच्या आणि मधली न्यूट्रल. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट मिळतात, तर दोन फेजमध्ये २४०. दिवे, टीव्ही १२० वर चालतात. कपडे वाळवण्याचे यंत्र, विजेची शेगडी बहुधा २४० वर. भारतात फेज आणि न्यूट्रल यांच्यातच २३० व्होल्ट असतात, म्हणून तिथल्या घरात हा प्रश्न येत नाही.

नेमके काय बदलते?

पॅनेलमधला एकेरी ब्रेकर काढून दुहेरी बसवतात. काळी तार त्याच्या एका टोकाला आणि न्यूट्रलवरची पांढरी तार काढून दुसऱ्या टोकाला जोडतात. पांढरा रंग म्हणजे न्यूट्रल, असा संकेत असल्याने केबलमधल्या त्या तारेला दोन्हीकडे काळी किंवा लाल टेप गुंडाळतात. अर्थिंग तसेच राहते. आता दोन्ही तारांत वीज असते, म्हणून त्या एकाच वेळी बंद करणारा ब्रेकर हवा. एकाच खाचेत बसणारे दोन अरुंद ब्रेकर चालत नाहीत. ते एकाच फेजवर असतात आणि त्यांच्यात शून्य व्होल्ट मिळतात.

केबल तीच चालते का?

तारेची जाडी विद्युतप्रवाहावर ठरते. दीड हॉर्सपॉवरची मोटर १२० व्होल्टवर सुमारे २० अँपिअर घेते, २४० वर सुमारे १०. त्यामुळे आधी अपुरी पडणारी १२ गेजची तार आता पुरते. पण गरम पाण्याच्या अनेक टबांना २४० सोबत १२० व्होल्टही लागतात. तिथे न्यूट्रल धरून चार तारा हव्यात, म्हणजे नवी केबल आलीच.

सर्वात धोकादायक चूक कोणती?

परसातल्या लाइनवर वाटेत गॅरेजचा सॉकेट किंवा ओट्यावरचा दिवा जोडलेला असू शकतो. व्होल्टेज बदलले की तिथेही २४० व्होल्ट जातात, पण सॉकेट दिसायला तसाच राहतो. त्यात कोणी १२० व्होल्टचे उपकरण लावले तर ते जळते, आगही लागू शकते. म्हणून आधी ब्रेकर पाडून घरभर आणि परसात काय काय बंद पडते, ते तपासतात. दुसरे काही निघाले तर ते वेगळे केल्याशिवाय पुढे जात नाहीत.

तलावाच्या पंपाला गळतीचा प्रवाह ओळखणारा ब्रेकरही लागतो. तो सुमारे ५ मिलिअँपिअरलाच वीज तोडतो. शिवाय मुख्य ब्रेकर पाडला तरी पॅनेलमध्ये बाहेरून येणाऱ्या तारा चालूच असतात. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे सोपवणे आणि बहुतेक ठिकाणी लागणारी स्थानिक परवानगी घेणे, यामागचे कारण तेच.

बिल निम्मे होते का?

नाही. व्होल्ट दुप्पट झाले आणि अँपिअर निम्मे, तरी मीटर मोजतो ती वीज जवळपास तेवढीच राहते. तारांमध्ये वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते, पण मुळात ती थोडीच असते. खरी बचत वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पंपात आहे. वेग निम्मा केला की पंपाला लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. तेवढेच पाणी गाळायला दुप्पट वेळ चालवला, तरी वीज जवळपास चौथा हिस्साच लागते.