दुखत नाही, पण कळते

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे आईवडील कामाला जातात, अशा मुलांच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. यंत्रात सापडून किंवा पत्र्याने बोट कापले आणि टाके घालावे लागले, असे तुमच्या घरी कोणाला झाले आहे का? दोन-चार हात तरी वर येतील. मग त्या मुलांना घरी जाऊन पुढचे विचारून यायला सांगावे : टाके घालताना काय वाटत होते? उत्तर बहुधा एकाच तऱ्हेचे मिळते. सुई टोचली तेव्हा झोंबले, नंतर दुखले नाही, पण दोरा ओढलेला कळत होता.

दुखत नव्हते, तर ओढलेले कसे कळत होते? या एका प्रश्नात आपल्या आजच्या विषयाचे अर्धे शास्त्र आहे.

बोटापुरता असलेला हा अनुभव सबंध पोटावर किंवा मांड्यांवर घेतला जातो, ती शस्त्रक्रिया म्हणजे जागेवरची भूल देऊन केलेले लिपोसक्शन. त्वचेला काही मिलिमीटरचे छेद घ्यायचे, त्यातून बोथट टोकाची पोकळ नळी आत सरकवायची आणि त्वचेखालची चरबी शोषून बाहेर काढायची. रुग्ण पूर्ण वेळ जागा असतो. शेंद्र्याहून चिकलठाण्यावरून शहरात येताना जालना रस्त्यावर दवाखान्यांच्या पाट्यांची रांगच लागते. ही शस्त्रक्रियाही आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तिच्या जाहिरातींत दोन गोष्टी हमखास असतात : ‘वेदनारहित’ आणि ‘त्याच दिवशी घरी’. यातली दुसरी गोष्ट बरीचशी खरी आहे. पहिली अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी चेतातंतूंकडे वळू. त्वचेपासून मज्जारज्जूकडे जाणारे तंतू एकाच जाडीचे नसतात. स्पर्श आणि दाब यांची वार्ता नेणारे तंतू जाड असतात व त्यांच्यावर मेदाचे वेष्टन असते. वेदनेची वार्ता दोन प्रकारचे बारीक तंतू नेतात. त्यातले पातळ वेष्टनाचे तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने आवेग नेतात, तर बिनवेष्टनाचे फार सावकाश, सेकंदाला सुमारे १ मीटर. उंबऱ्याला पायाचे बोट आपटते तेव्हा आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, तो या दोन वेगांमुळे. पायापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर १ मीटर धरून विद्यार्थ्यांना दोन्ही वेळा काढायला सांगाव्यात. १५ मीटर वेगाला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, १ मीटर वेगाला पूर्ण सेकंद.

आवेग पुढे सरकतो तो तंतूच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडून सोडियमचे आयन आत शिरतात म्हणून. लिग्नोकेन हे भुलीचे औषध या दारांना आतल्या बाजूने बूच लावते. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते १९४३ साली तयार केले. १९४८ पासून ते ‘झायलोकेन’ या नावाने बाजारात आले आणि आपल्याकडे दातांच्या दवाखान्यापासून सगळीकडे तेच वापरतात. त्याची गंमत अशी की, आवरणातून आत शिरायला रेणूवर विद्युतप्रभार नसावा लागतो आणि आत गेल्यावर दार बंद करायला तो असावा लागतो. शरीरातल्या साधारण उदासीन द्रवात दोन्ही तऱ्हेचे रेणू असतात, म्हणून काम होते. गळवाभोवतीचा भाग आम्लधर्मी झालेला असतो, तिथे बहुतेक रेणू प्रभारितच राहतात. गळू फोडताना भूल नीट चढत नाही अशी तक्रार असते, तिचे हे एक कारण.

सौम्य प्रमाणात हे औषध बारीक तंतूंना आधी बंद पाडते. जाड तंतू बरेचसे चालू राहतात. म्हणून टाके घालताना दुखत नाही, पण ओढ कळते. लिपोसक्शनमध्येही तेच होते. नळी आतबाहेर होताना रुग्णाला दाब, ओढ आणि आत काहीतरी खरवडल्यासारखी भावना जाणवते. त्याला आपण ‘दुखणे’ म्हणत नाही, पण ते शून्यही नसते. ज्याला हे आधी सांगितलेले नाही तो घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला तीच ओढ वेदना वाटू लागते.

भूल नव्हती तेव्हा काय होत असे, याची एक नोंद पुण्याची आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातड्याचा तुकडा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया पाहिली आणि तिची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. नाकाचा मेणाचा नमुना, त्याबरहुकूम कपाळावर आखलेली रेषा, पाच-सहा दिवस उताणे निजणे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातड्याचा सांधा तोडणे, असे सारे त्यात आहे. भुलीचे नाव नाही, कारण भूल नव्हतीच. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नात कार्ल कोलर याने दाखवले ते १८८४ साली.

जाता जाता एक गोष्ट. ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हणजे श्रीमंतांची हौस ही समजूत कावसजीच्या नाकानेच मोडायला हवी होती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आकार देणे’ एवढाच आहे. औरंगाबादकरांना तर अमेरिकेतून येऊन दुभंगलेले ओठ मोफत शिवून देणारे डॉ. शरदकुमार दीक्षित यांची शिबिरे आठवत असतील. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या या शल्यविशारदाला २००१ साली पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते वारले.

आता चरबीच्या शस्त्रक्रियेकडे. १९७० च्या दशकात इटलीत व फ्रान्समध्ये ती सुरू झाली तेव्हा संपूर्ण भूल द्यावी लागे आणि बाहेर येणाऱ्या द्रवात चरबीबरोबर बरेच रक्त असे. कधी रक्त भरावे लागे. जागेवरची भूल द्यायची म्हटले तर हिशेब आडवा येई. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची रूढ मर्यादा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असते, म्हणजे फक्त २१ मिलिलिटर. एवढ्याने पोट बधिर कसे होणार?

कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन याने १९८५ च्या सुमारास वाट काढली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याने औषध वाढवण्याऐवजी पातळ केले. एक लिटर सलाईनमध्ये ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन, साधारण १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन आणि थोडा खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. असा द्रव चरबीत सावकाश भरत जायचा, जागा टणक फुगेपर्यंत. सोडा आम्लता कमी करतो, त्यामुळे झोंबणे कमी होते. अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे रक्त फारसे जात नाही आणि औषधही रक्तात हळूहळू उतरते. चरबीत मुळातच रक्तपुरवठा कमी. १९९० मध्ये क्लाइनने दाखवले की या रीतीने किलोला ३५ मिलिग्रॅमपर्यंत औषध सुरक्षितपणे देता येते. २०१६ च्या त्याच्याच अभ्यासात चरबी शोषून काढणार असल्यास ४५ आणि नुसताच द्रव भरणार असल्यास २८ ही मर्यादा सुचवली आहे, कारण चरबीबरोबर थोडे औषधही बाहेर निघते. आपल्या ६० किलोच्या माणसाला ३५ च्या हिशेबाने २१०० मिलिग्रॅम होतात. लिटरला ५०० या प्रमाणात तो द्रव ४.२ लिटर भरतो. नववीच्या मुलांना हे गणित जमते आणि विरलता म्हणजे काय हे त्यातून चांगले कळते.

हीच रीत पुढे हाताच्या शस्त्रक्रियेतही आली. बोटात अ‍ॅड्रेनलिन टोचले तर बोट काळे पडते, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना शिकवले गेले होते. कॅनडातील डोनाल्ड लालोंड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाताच्या आणि बोटांच्या ३११० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सौम्य अ‍ॅड्रेनलिन देऊनही त्यातले एकही बोट गेले नव्हते. आता तुटलेला स्नायुबंध शिवताना जागा असलेला रुग्ण डॉक्टरांच्या सांगण्यावरून बोट हलवून दाखवतो आणि शिवण नीट बसली की नाही ते तिथेच कळते. कारखान्यात हात दुखावलेल्या कामगाराला सौंदर्यशस्त्रक्रियेचा असा उपयोग झाला आहे.

म्हणजे लिपोसक्शनमध्ये दुखते केव्हा? पहिल्यांदा सुया टोचताना आणि द्रव भरताना : झोंबणे, मग ताण. नंतर नळी फिरताना जिथे द्रव पोचलेला नसतो तिथे. बेंबीभोवती, बरगड्यांजवळ, मांडीच्या आतल्या बाजूला हे जास्त होते. अशा वेळी थांबून आणखी द्रव भरायचा असतो. आणि एक दुखणे असे आहे की जे दाबूच नये. नळी चरबीचा थर सोडून खाली स्नायूच्या आवरणाला टेकली तर तिथे भूल नसते. जागा रुग्ण ताबडतोब ओरडतो, डॉक्टर नळी मागे घेतो. संपूर्ण भुलीत हा पहारेकरी झोपलेला असतो. आमच्या मते जागेवरच्या भुलीचा मोठा लाभ हा आहे, जाहिरातीतला आराम नव्हे.

आकडे यासंबंधी काय सांगतात? अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळातल्या सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांबद्दल प्लास्टिक सर्जनांना विचारले असता ९५ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. फुप्फुसात अडकलेली गुठळी हे त्यातले सर्वांत मोठे कारण होते. २००२ मध्ये त्वचाशल्यविशारदांच्या ६६,५७० शस्त्रक्रियांची नोंद आली, तीत एकही मृत्यू नव्हता. दोन्ही ठिकाणचे रुग्ण आणि काढलेली चरबी सारखी नव्हती, तेव्हा ही तुलना सरळ धरू नये. शिवाय १९९९ मध्ये न्यूयॉर्कमधील पाच मृत्यूंचा अहवाल आला, आणि त्यात याच द्रव भरण्याच्या रीतीने चरबी काढली होती. द्रव पातळ असला म्हणून औषधाचे मिलिग्रॅम मोजायचे टळत नाही.

त्यातही काळजीची वेळ शस्त्रक्रियेची नसते. औषध सावकाश उतरते म्हणजेच रक्तातले त्याचे प्रमाण उशिरा, सुमारे १२ तासांनी, सर्वांत जास्त होते. सकाळी शस्त्रक्रिया झाली तर ही वेळ रात्रीची, रुग्ण घरी असतानाची. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंई आवाज, हातापायांना कंप, असंबद्ध बोलणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. पुढे झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. त्या रात्री रुग्णाने एकटे राहू नये, हे कोणत्याही पथ्यापेक्षा महत्त्वाचे. या विषबाधेवर शिरेतून जे देतात तेही स्निग्ध पदार्थाचेच दुधासारखे मिश्रण असते. ते औषधाचे रेणू हृदयापासून ओढून घेण्यास मदत करते. चरबी काढताना झालेल्या बाधेवर उतारा चरबीचाच!

भूल ओसरली की दुसरी वेदना येते, आणि ती वेगळ्या जातीची असते. फाटलेल्या पेशींतून व जमलेल्या पांढऱ्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये सुटतात. ती वेदनातंतूंना हळवे करतात. त्यामुळे एरवी कळलाही नसता असा स्पर्श दुखतो. पहिल्या दिवशी रुग्ण हिंडतोफिरतो, दुसऱ्या दिवशी उठताना कण्हतो. वर्षानंतर कबड्डी खेळल्यावर अंग जसे धरते तसे हे दुखणे असल्याचे सांगतात. साधारणपणे पॅरासिटामॉलवर ते भागते. अ‍ॅस्पिरिन टाळतात, कारण त्याने रक्तस्राव वाढतो.

पहिले एक-दोन दिवस छेदांतून गुलाबी पाणी पाझरते, चादरी भिजतात. घरची माणसे रक्त समजून घाबरतात. ते बहुतेक भरलेले सलाईनच असते आणि ते बाहेर पडणे चांगले, म्हणून छेद पुष्कळदा टाके न घालता उघडे ठेवतात. घट्ट पट्टा बांधतात तो सूज आवरण्यासाठी. त्याच दिवशी थोडे चालायला लावतात ते पायात गुठळी होऊ नये म्हणून. मुका मार लागावा तसे अंग काळेनिळे होते, मग हिरवट, मग पिवळे. हिमोग्लोबिन मोडून आधी बिलिव्हर्डिन, मग बिलिरुबिन होते, त्याचे हे रंग. कातडीचा काही भाग आठवडेच्या आठवडे बधिर राहतो आणि तंतू पूर्ववत होताना खाज सुटते. सूज पुरती उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात.

बरे होण्याची दिशा मात्र एकच असते : दुखणे दिवसागणिक कमी होत जाते. ते वाढू लागले, ताप आला, एका पोटरीला सूज आली, दम लागू लागला, तर ‘शस्त्रक्रियेनंतर दुखतेच’ असे म्हणून गोळी घेऊन झोपणे घातक ठरू शकते.

एवढे सोसून मिळते काय? आकार मिळतो. ते ज्याला महत्त्वाचे वाटते त्याला हसण्याचे आपल्याला कारण नाही. पण मधुमेह टळेल, रक्तदाब उतरेल या आशेने कोणी निघाले असेल, तर त्याला २००४ सालचा एक प्रयोग सांगावा. अमेरिकेत सॅम्युएल क्लाइन (आडनाव तेच, माणूस दुसरा) व सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांची प्रत्येकी सुमारे १० किलो चरबी लिपोसक्शनने काढली आणि १० ते १२ आठवड्यांनी त्यांची पुन्हा तपासणी केली. रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, यांपैकी कशातही सुधारणा झाली नव्हती. नळी त्वचेखालच्या थरातून फिरते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेल्या चरबीपर्यंत ती जात नाही, आणि जाऊही नये. ती चरबी चालण्याने आणि कमी खाण्यानेच उतरते.