संधिवाताची उसळी : ओळख आणि उपाय

गुडघा दुखो वा बोटे, आपल्याकडे त्याला ‘वात’ हे एकच नाव दिले जाते आणि वयाचा भोग म्हणून तो सोसला जातो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र वयाचा भोग नव्हे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते, हे त्याचे मूळ होय. तो ऐन तिशी-चाळिशीतही जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. कष्टकरी घरातील बाईचे हात वाकडे झाले की तिची मजुरीही जाते.

हा आजार काही काळ निवळतो व पुन्हा उसळतो. उसळीत बोटांचे सांधे व मनगटे, बहुधा दोन्ही हातांची, सुजतात आणि स्पर्शाला गरम लागतात. सकाळी तासाहून अधिक वेळ मूठ वळत नाही. थकवा येतो, अंगात कणकण राहते. झिजेच्या गुडघेदुखीत सकाळचे आखडलेपण थोड्या हालचालीने लवकर सुटते. हा फरक ध्यानी ठेवावा. औषध सोडणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम, मानसिक ताण ही उसळीची निमित्ते असू शकतात.

अशा वेळी सुजलेल्या सांध्यांना विश्रांती द्यावी, परंतु अंथरूण धरू नये. गरम सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा. आखडलेपणाला शेक बरा. लगेच डॉक्टरांना कळवावे. या आजारात बहुधा दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाची असते. ती रोज घेतल्यास जिवावर बेतते. ती चालू असता रक्ततपासणी चुकवू नये आणि गर्भधारणा होऊ देऊ नये. मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिले, तेव्हा जखडलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० साली या संशोधनाला नोबेल पारितोषिक लाभले. परंतु मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही लवकरच उघड झाले. आज नाव नसलेल्या पुड्यांनी ‘चमत्कार’ घडतो, तेव्हा त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. त्याने हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते. असे औषध दीर्घकाळ घेतले असल्यास एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

एकच सांधा अचानक लाल होऊन थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो.

माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच : घरी गेल्यावर आईला मूठ वळते का, हे एकदा विचारा. आरंभीच उपचार झाले, तर पुष्कळ हात वाकडे होण्यापासून वाचतात.